सुई, सूर आणि कुलूप: टाइमकोडच्या गुंत्याची पार्श्वभूमी

दोन टर्नटेबल, एक मिक्सर, चार इनपुट-चार आउटपुटचं साउंड कार्ड आणि लॅपटॉप. हाताने रेकॉर्ड फिरवून लॅपटॉपमधलं गाणं खेळवायची डीजेंची ही टाइमकोड पद्धत. वायरी सगळ्या जागच्या जागी, रेकॉर्ड फिरतेय, आणि स्क्रीनवरचं गाणं हलायला तयार नाही. किंवा हलतं, पण उलटं वाजतं. अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हरच्या (संगणकाला कार्ड ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नावाने खडे फोडतात. ड्रायव्हरचा दोष असतोही. पण या एका टेबलावर वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कामांसाठी घडवलेल्या गोष्टी एकत्र नांदायला लावलेल्या आहेत: १९५० च्या दशकातला रेकॉर्डचा सिग्नल, १९८३ चा मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची सांकेतिक भाषा) आणि २००० नंतरचं कंपन्यांचं धोरण. पहिल्या दोन अडचणी तंत्राच्या आहेत, त्या थोड्या समजुतीने सुटतात. तिसरी मुद्दाम निर्माण केलेली होती, आणि माझ्या मते लोकांचा सर्वांत जास्त वेळ तिनेच खाल्ला.

टेक्निक्सने एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आणलं ते घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. पट्टा नाही, मोटर थेट तबकडीखाली, त्यामुळे हाताने रेकॉर्ड धरून सोडली की ती लगेच पुन्हा वेग पकडायची. न्यूयॉर्कच्या डीजेंना नेमकं हेच हवं होतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या एमके-२ मॉडेलवर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली आणि पुढची तीस वर्षं क्लबांमध्ये दुसरं काही फारसं दिसलंच नाही. हाताची सवय एकदा या यंत्रावर बसली. पुढे संगणक आला तेव्हा त्याला या सवयीपुढे मान तुकवावी लागली, हे या सगळ्या कथेत लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रेकॉर्डची अडचण वजनाची. शंभर रेकॉर्ड भरलेलं खोकं उचलून विमानात चढवणं हा डीजेच्या धंद्यातला सर्वांत कंटाळवाणा भाग. ऊन, धूळ, वाळू असेल तर प्रश्नच मिटला. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर पार्ट्या व्हायच्या तिथे रेकॉर्ड फार चालल्या नाहीत त्या यामुळेच. तिथले डीजे आधी कॅसेट आणि १९९० च्या दशकात डॅट, म्हणजे डिजिटल आवाजाच्या छोट्या टेप वापरायचे. पण डॅटच्या साध्या यंत्रावर वेग बदलता येत नसे, त्यामुळे एका गाण्याचा ठेका दुसऱ्याशी जुळवण्याऐवजी गाणं संपता संपता दुसरं सुरू करायचं, अशी तिथली पद्धत पडली. ओझं हलकं झालं खरं, पण गाणं हाताने धरून खेळवण्याची सोय गेली.

दोन्ही एकत्र साधण्याची युक्ती नेदरलँड्समधून आली. ॲमस्टरडॅमच्या एन-टू-आयटी या कंपनीने १९९८ च्या सुमारास ‘फायनल स्क्रॅच’ची कल्पना मांडली. रेकॉर्डवर गाणं नाहीच, फक्त एक सांकेतिक सूर, म्हणजेच टाइमकोड. टर्नटेबलमधून तो सूर संगणकात जातो आणि सॉफ्टवेअर त्यावरून ओळखतं की सुई कुठे आहे, रेकॉर्ड किती वेगाने आणि कुठल्या दिशेला फिरतेय. मग हार्ड डिस्कवरचं गाणं त्याच चालीने वाजवायचं. पहिली आवृत्ती बीओएसवर चालायची, म्हणजे ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी आवाज आणि चित्रांसाठी काढलेल्या प्रणालीवर. बीओएस काढणारी कंपनी २००१ मध्ये गुंडाळली गेली आणि फायनल स्क्रॅच लिनक्सवर आलं. डेट्रॉइटच्या टेक्नो वर्तुळातले रिची हॉटिन आणि जॉन अक्वाव्हिव्हा पाठीशी उभे राहिले, स्टँटनने ते बाजारात आणलं. सोबत ‘स्क्रॅचॲम्प’ नावाचा डबा यायचा आणि तोच साउंड कार्डाचं काम करायचा. म्हणजे सॉफ्टवेअर, रेकॉर्ड आणि डबा ही तिन्ही एकाच घरची. ही प्रथा पहिल्याच दिवशी पडली.

२००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने अमेरिकेतल्या रेन कंपनीबरोबर ‘स्क्रॅच लाइव्ह’ काढलं आणि बाजार पलटला. ते अधिक सोपं होतं आणि अधिक विश्वासाचंही. सॉफ्टवेअर फुकट उतरवता यायचं, पण रेनचा डबा जोडल्याशिवाय टाइमकोड चालायचा नाही. डबा हीच परवान्याची चावी. बर्लिनची नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स आधी स्टँटनसाठी फायनल स्क्रॅचचं सॉफ्टवेअर करायची. तिने वेगळं होऊन ‘ट्रॅक्टर स्क्रॅच’ काढलं आणि त्याच्यासोबत ‘ऑडिओ ८ डीजे’ हे आपलं कार्ड दिलं. एम-ऑडिओने ‘टॉर्क’ आणलं, त्याचंही कार्ड वेगळं. प्रत्येकाचा सूर वेगळा, रेकॉर्ड वेगळी.

हा सूर असतो तरी काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सेराटोच्या रेकॉर्डवर एक किलोहर्ट्झचा सूर कोरलेला आहे, म्हणजे सेकंदाला हजार लाटा. ३३⅓ च्या वेगाने रेकॉर्डला एक फेरा पूर्ण करायला १.८ सेकंद लागतात, त्यामुळे एका फेऱ्यात १,८०० लाटा येतात आणि एकेक लाट अंशाच्या पाचव्या हिश्शाएवढी हालचाल सांगते. लाटा जवळ आल्या की वेग वाढला, लांबल्या की कमी झाला. दिशा कशी कळते? डाव्या आणि उजव्या चॅनलवर तोच सूर आहे, फक्त एक दुसऱ्यापेक्षा पाव लाट मागे ठेवलेला. कोण पुढे आणि कोण मागे यावरून रेकॉर्ड सुलटी फिरतेय की उलटी हे समजतं. डावं-उजवं आडव्या-उभ्या अक्षांवर मांडलं तर एक गोल तयार होतो. सेटिंग्जच्या खिडकीत दिसतो तो हिरवा गोल हाच.

राहिली जागा. प्रत्येक लाटेची उंची किंचित कमी किंवा जास्त ठेवलेली असते, तेच शून्य आणि एक. लागोपाठच्या वीस लाटांतून वीस बिटांची एक साखळी मिळते, आणि ही माळ अशी गुंफलेली आहे की वीसची तीच साखळी संपूर्ण बाजूवर पुन्हा कुठेही येत नाही. वीस बिटांच्या साखळ्या दहा लाखांहून जास्त होतात. रेकॉर्डची बाजू बारा-पंधरा मिनिटांची, म्हणजे सात ते नऊ लाख लाटा. त्यामुळे पुरेसं होतं. सुई उचलून भलत्याच जागी ठेवली तरी वीस लाटा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, ऐकल्या की सॉफ्टवेअरला जागा कळते. ट्रॅक्टरच्या पहिल्या रेकॉर्डवर सूर दोन किलोहर्ट्झचा होता, पुढच्या पिढीत अडीच. सॉफ्टवेअर एका कंपनीचं निवडायचं आणि रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीची लावायची, एवढ्या साध्या चुकीतही गाणं दुप्पट वेगाने धावतं किंवा मुळीच धावत नाही.

गोल वाचता आला तर निम्मं काम तिथेच होतं. गोलाऐवजी तिरकी रेघ दिसली तर दोन्ही चॅनलवर एकच आवाज येतोय, म्हणजे कार्डाचं इनपुट मोनो लागलेलं आहे. सरळ आडवी किंवा उभी रेघ असेल तर एक चॅनल मेलंय, म्हणून कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) पिन किंवा टर्नटेबलमधून निघणारी आरसीएची वायर बघायची. गोल सुंदर आहे पण गाणं उलटं वाजतंय? डावी-उजवी वायर अदलाबदल झालीये. गोलाचे कोपरे निघून चौकोन व्हायला लागला तर सिग्नल जास्त होऊन कापला जातोय. आणि गोल मधोमध ठिपक्याएवढा असेल तर आपण थेट १९५० च्या दशकात पोचलो.

रेकॉर्ड कोरताना खर्जाचा भाग दाबायचा आणि वरचे सूर उचलायचे, नाहीतर खोबणी एकमेकींत घुसतात. अमेरिकेत ही पद्धत १९५४ मध्ये आरआयएए नावाने ठरली आणि वाजवताना ती उलटी फिरवणारा आणि सिग्नल वाढवणारा फोनो प्रीॲम्प प्रत्येक मिक्सरमध्ये आला. शिवाय कार्ट्रिजमधून बाहेर पडतात फक्त चार-पाच मिलिव्होल्ट. लाइन सिग्नल, म्हणजे सीडी प्लेअरसारख्या यंत्रांचा नेहमीचा सिग्नल, त्याच्या शंभरपट. साध्या साउंड कार्डाला फक्त लाइन इनपुट असतो. टर्नटेबल त्याला थेट जोडलं की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने रेकॉर्ड थांबलेलीच. उलट, काही नव्या टर्नटेबलांमध्ये प्रीॲम्प आतच असतो आणि मागे छोटं बटण असतं. ते लाइनवर ठेवून फोनो इनपुटला जोडलं की दोनदा वाढवलेला सिग्नल फाटतो आणि चौकोन दिसतो. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर तर सगळेच विसरतात. ती लोंबकळत राहिली, किंवा आपल्याकडच्या जुन्या इमारतींसारखं मुळात अर्थिंगच धड नसलं, की पन्नास हर्ट्झची गुणगुण सुरात मिसळते आणि रेकॉर्ड थांबलेली असतानाही स्क्रीनवरचं गाणं जागच्या जागी थरथरतं. सीडीवर टाइमकोड घेऊन वाजवणाऱ्यांना यातलं काहीच भोगावं लागलं नाही.

डब्याच्या सक्तीचं हे कुलूप कसं निघालं ते मजेदार आहे. मार्क हिल्स यांनी लिनक्ससाठी ‘एक्सवॅक्स’ नावाचं छोटेखानी मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात सेराटो, ट्रॅक्टर, मिक्सव्हाइब्ज अशा प्रत्येक कंपनीच्या रेकॉर्डची ओळख कोडमध्ये जेमतेम काही ओळींची आहे: सूर किती हर्ट्झचा, साखळी किती बिटांची, सुरुवात कुठून, पुढचा बिट आधीच्या कुठल्या बिटांवरून काढायचा आणि एकूण लांबी. बस. ज्याच्यासाठी महागडा डबा सक्तीने घ्यावा लागत होता, त्याचं सगळं गुपित एवढ्यात मावत होतं. एक्सवॅक्सला कार्डाची कंपनी कुठली याच्याशी देणंघेणं नव्हतं, स्टिरिओ इनपुट मिळाला की झालं. कार्ट्रिजचा कमकुवत सिग्नल थेट वाचण्याचीही सोय त्यात आली. २००१ पासून चालत आलेल्या ‘मिक्स’ या मुक्त सॉफ्टवेअरने टाइमकोड वाचण्याचा कोड पुढे एक्सवॅक्सकडूनच घेतला. व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअरही अनेक कंपन्यांच्या रेकॉर्ड ओळखतं. ट्रॅक्टरनेही नंतरच्या आवृत्त्यांत आपलंच कार्ड हवं हा हट्ट सोडला. सेराटो मात्र आजही मान्य केलेल्या उपकरणांची यादी ठेवूनच आहे. यादीतलं यंत्र हमखास चालतं असा त्यांचा दावा, आणि तो खोटा नाही. पण हमी देणं वेगळं आणि दुसऱ्याला दार बंद करणं वेगळं.

टर्नटेबलऐवजी चाकं, सरकपट्ट्या आणि बटणं असलेल्या कंट्रोलरची कुळकथा निराळीच. मिडी १९८३ मध्ये आला तो कीबोर्ड आणि सिंथेसायझर एकमेकांना जोडण्यासाठी. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, हे सांगायला ० ते १२७ एवढे आकडे भरपूर होते. गाण्याचा वेग बदलणाऱ्या सरकपट्टीला ते पुरत नाहीत. वर-खाली आठ म्हणजे एकूण सोळा टक्के १२७ पायऱ्यांत वाटले तर एक पायरी साधारण ०.१३ टक्क्यांची होते. हवा असलेला वेग दोन पायऱ्यांच्या मधोमध पडला तर मिनिटाभरात दोन गाणी जवळपास ३८ मिलिसेकंदांनी सरकतात, आणि तेवढं कानाला खटकतं. म्हणून चांगले कंट्रोलर एकाच पट्टीसाठी दोन संदेश जोडून १६,३८४ पायऱ्या पाठवतात. सॉफ्टवेअरच्या मॅपिंगमध्ये (कुठल्या संदेशाने काय करायचं याच्या यादीत) त्यातला एकच संदेश वाचला जात असेल तर महागडी पट्टीही खडबडीत वागते.

जॉग व्हीलचं, म्हणजे रेकॉर्डऐवजी हाताने फिरवायच्या चाकाचं, आणखी वेगळं. चाक पुढे फिरवलं की एक कंपनी ६५ पाठवते आणि मागे फिरवलं की ६३. दुसरी १ आणि १२७ पाठवते. मिडीत उणे आकडे नाहीत, त्यामुळे ज्याने त्याने आपापली तोड काढली. चुकीचं मॅपिंग लागलं की चाकाला नुसता धक्का दिला तरी गाणं शंभर पावलं उडी मारतं. ‘मिक्स’मध्ये प्रत्येक कंट्रोलरसाठी एक्सएमएल आणि जावास्क्रिप्टची छोटी फाइल असते ती हेच दुरुस्त करायला, आणि त्यातल्या बऱ्याच फाइली कंपन्यांनी नव्हे, वापरणाऱ्यांनी बसून लिहिलेल्या आहेत. पुढे नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्ससारख्यांनी मिडीला बगल देऊन आपल्या कंट्रोलरचे संदेश वेगळ्याच स्वरूपात पाठवायला सुरुवात केली. रचना बारीक झाली, पण बाहेरच्या सॉफ्टवेअरची पंचाईत वाढली.

शेवटी ड्रायव्हर. टाइमकोडमध्ये आवाज आधी आत येतो आणि मग बाहेर जातो, म्हणजे विलंब दोनदा. बफर म्हणजे आवाजाचे नमुने गोळा करून एकगठ्ठा पुढे पाठवायची जागा. १,०२४ नमुन्यांचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला एका बाजूने २३ मिलिसेकंद खातो, ६४ चा दीड. स्क्रॅच करणाऱ्याला पहिला सहन होत नाही, जुन्या लॅपटॉपला दुसरा झेपत नाही आणि आवाज तुटायला लागतो. विंडोजचा आपला मार्ग संथ, म्हणून स्टाइनबर्गचं १९९७ चं एएसआयओ हे जलद ड्रायव्हरचं प्रमाण डीजेंनीही उचललं. यूएसबी ऑडिओचं दुसरं प्रमाण २००६ मध्ये ठरलं. लिनक्सने ते २०१० मध्ये घेतलं, विंडोजमध्ये ते सरसकट येण्यासाठी २०१७ उजाडलं. मधल्या काळात प्रत्येक कंपनीने आपला ड्रायव्हर लिहिला आणि तो त्या-त्या काळच्या प्रणालीशी बांधला गेला. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटांचं सगळं सॉफ्टवेअर एका झटक्यात बाद केलं. ठणठणीत कार्डं त्या दिवशी केवळ ड्रायव्हरपायी अडगळीत गेली. त्यातलं ऑडिओ ८ डीजे किंवा ऑडिओ ४ डीजे कुठे जुन्या बाजारात स्वस्तात दिसलं तर मॅकवाला घेणार नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) मात्र या कार्डांसाठी कायॅक नावाचा ड्रायव्हर आहे. वायर लावली की कार्ड यादीत दिसतं, फोनो-लाइनचं सेटिंग तेवढं मिक्सरच्या खिडकीत जाऊन बदलायचं असतं.