अळवाच्या पानावर कोणी बसत नाही

गेल्या जुलैत ताम्हिणीत चिखलातून जीप काढताना आम्ही चौघे नखशिखान्त भिजलो. सीटची काळजी नव्हती, कारण महिन्यापूर्वीच ‘वॉटरप्रूफ’ कव्हर घातलं होतं. दुकानात त्यावर पेलाभर पाणी ओतून दाखवलं, तेव्हा त्याचे टपोरे मोती होऊन घरंगळले होते. संध्याकाळी घरी येऊन सीट दाबली, तर खालच्या फोममधून पाणी वर आलं. पुढे आठवडाभर गाडीत कुबट वास होता.

दुकानातला प्रयोग खोटा नव्हता, त्यावरून मी काढलेला निष्कर्ष चुकला. थेंब घरंगळणं आणि पाणी आरपार न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावरच्या मेणाशी सलगी करण्यापेक्षा पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. या ओढीमुळे पाण्याच्या पृष्ठभागाला जो ताण येतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. कव्हरच्या कापडावर मेणासारखाच एक जलरोधी लेप दिलेला असतो. पण कापड विणलेलं असतं, म्हणजे त्यात धाग्यांमधली बारीक भोकं आलीच. लेपामुळे पाणी भोकाच्या तोंडाशी फुगवटा धरून अडतं. मात्र वरून दाब वाढला की फुगवटा आत ढकलला जातो आणि पाणी पार होतं.

किती दाब लागतो? थॉमस यंग आणि लाप्लास यांनी 1805च्या सुमारास मांडलेलं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं: पृष्ठताणाची दुप्पट, गुणिले थेंबाच्या स्पर्शकोनाची कोसाइन (उणे चिन्ह सोडून), भागिले भोकाची त्रिज्या. स्पर्शकोन म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या बाजूने करते तो कोन; थेंब जितका गोल, तितका तो मोठा. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.072 न्यूटन आणि स्पर्शकोन 110 अंश धरू. भोक 0.1 मिमी व्यासाचं असेल, तर उत्तर येतं सुमारे 1,000 पास्कल, म्हणजे 10 सेंमी उंच पाण्याचा दाब. कापडावरच्या थेंबाची उंची जेमतेम काही मिलिमीटर. तो अडणारच!

आता ओल्या कपड्यांनी त्यावर बसा. 55 किलो भार 0.1 चौरस मीटरवर पडला, तर ढोबळ हिशोबाने सरासरी दाब 5,400 पास्कल होतो, म्हणजे 55 सेंमी पाण्याइतका. ज्या दोन हाडांवर आपण बसतो त्यांच्याखाली तो याहून बराच जास्त, आणि गाडी खड्ड्यात आदळली की आणखी वाढतो. यातला काही भार धागे स्वतः पेलतात, पण पाणी पार व्हायला उरलेला पुरतो.

शिलाईची कथा याहून वाईट. सुईचं भोक 1 मिमीचं धरलं तर तेच सूत्र फक्त 1 सेंमी देतं. निओप्रीन या कृत्रिम रबराचा फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे त्यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे त्यातून पाणी जात नाही. तरी त्याचं साधं शिवलेलं कव्हर शिवणीतून गळतं, ते यामुळेच.

म्हणून कव्हर घेताना उलटी बाजू बघा. तिथे पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा सलग थर हवा. थर सलग असला की भोकंच उरत नाहीत आणि वरचं सगळं गणित निकालात निघतं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, किंवा जोड उष्णतेने वितळवून केलेले असावेत. पीव्हीसी उन्हात चटका देतं. पॉलियुरेथेनचे काही प्रकार आपल्या कोकणासारख्या दमट हवेत काही वर्षांनी पापुद्रे सोडतात, तरी लांबच्या प्रवासासाठी मी तेच निवडेन. ‘नॅनो’ फवाऱ्याने जुनं कव्हर वॉटरप्रूफ होतं, या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नका. फवारा स्पर्शकोन वाढवतो, भोक बुजवत नाही.

दुकानात पाणी ओतून दाखवलं, तर त्या जागी कापडाखाली टिश्यू पेपर ठेवायला सांगा आणि वरून गुडघ्याने पाच मिनिटं दाबून धरा. कागद कोरडा राहिला तर पैसे द्या. आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर तिच्यासाठी जागा मोकळी सोडलेलंच कव्हर घ्या. ती बाजू झाकली तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही.