भाषणाबद्दलची कैद : बर्वे खटल्यापासून चॅप्टर केसपर्यंत

कोल्हापुरात राजकीय सभा बिंदू चौकात होतात आणि उपकारागृहही तिथेच आहे. बोलण्याबद्दल आत जाण्याची इथली परंपरा मात्र चौकातल्या सभांपेक्षा जुनी आहे.

१८८२ साली टिळक आणि आगरकर पहिल्यांदा तुरुंगात गेले, ते कोल्हापूरच्या प्रकरणामुळे. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मजकुराला आधार असलेली पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्व्यांनी फिर्याद काढून घेतली नाही. चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यातले १०१ दिवस दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. इथे फिर्यादी एक माणूस होता, आरोप ठरावीक वाक्यांवर होता आणि शिक्षेला मुदत होती.

राजद्रोहाच्या १२४अ कलमाने हे सगळे पालटले. ते १८७० मध्ये दंडसंहितेत घातले गेले. १८९७ मध्ये याच कलमाखाली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी सरकारने कलमाची भाषा आणखी विस्तारली आणि समाजगटांत वैर पसरवण्याचे १५३अ कलम शेजारी आणून ठेवले. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वैदिक प्रार्थनांवर श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा लेख आला आणि तो राजद्रोही ठरवला गेला. संपादनाशी संबंधित प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी या दोघांनाही तीन-तीन वर्षे शिक्षा झाली. मुद्रकही सुटला नाही. म्हणजे लिहिणाऱ्याइतकाच छापणाराही गुन्हेगार ठरला आणि त्या धाकाने छापखाने आपणहून मजकूर नाकारू लागले. या कलमाचे खरे काम तेच होते.

स्वातंत्र्यानंतरही कलम राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने त्याला हिंसेच्या चिथावणीची अट घातली. पण १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते दखलपात्र केले, म्हणजे वॉरंटशिवाय अटकेची वाट मोकळी झाली. आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली खटला चालवण्याचीच गरज उरली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून मात्र दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ लागू झाले; ते देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याबद्दलचे आहे. त्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कलमात जन्मठेपेला पर्याय तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा होता.

तरीही विरोधी पक्षाच्या साध्या कार्यकर्त्याला बहुतेक वेळा इतक्या मोठ्या कलमाची गाठ पडत नाही. मंत्र्याचा दौरा लागला की आदल्या दिवशी, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची, म्हणजे दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठीची, पोलिसांची नोटीस घरी येते. पुढची पायरी कलम १७० ची प्रतिबंधात्मक अटक. तिची कमाल मुदत २४ तास. त्याहून जास्त ठेवायचे तर वेगळा कायदेशीर आधार लागतो आणि तिथे चॅप्टर केस येते : कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यासमोर, शांतता राखण्याचे जास्तीत जास्त एका वर्षाचे हमीपत्र.

घात इथेच होतो. कलम १३० च्या लेखी आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश, हमीची रक्कम, मुदत आणि जामीनदारांबद्दलचा तपशील हवा. प्रत्यक्षात छापील फॉर्मवर नाव भरून भागवले जाते. चौकशी सुरू होण्याआधीच अंतरिम हमीपत्र मागितले जाते. हे चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मधू लिमये यांच्या खटल्यात सांगितले आहे. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती वेळेत आली नाही, तर हमीपत्राअभावी माणूस कोठडीत जातो. त्याने भाषणात काय म्हटले हे तोवर कोणी तपासलेलेही नसते.

म्हणून आदेशाची प्रत लगेच मागावी, तिच्यात कोणत्या तारखेच्या कोणत्या भाषणाचा उल्लेख आहे ते पाहावे आणि हरकत लेखी नोंदवून पोच घ्यावी. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही, तर विशेष कारणे लिहून मुदत वाढवलेली नसल्यास ती आपोआप बंद होते. त्यासाठी चौकशी कोणत्या दिवशी सुरू झाली, याची नोंद रोजनाम्यातून काढून जवळ ठेवावी.