घरगुती डायलिसिस : सुरू राहणे व सुटणे

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाने डायलिसिस घरीच, स्वतः किंवा कुटुंबीयांच्या मदतीने करणे म्हणजे घरगुती डायलिसिस. मशीनवर रक्त शुद्ध करण्याचा प्रकार १९६० च्या दशकात घरापर्यंत पोचला. पोटाच्या डायलिसिसची आजची पद्धत पोपोविच व मॉन्क्रीफ या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. तीत कायम बसवलेल्या नळीतून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडतात, काही तासांनी काढतात आणि नवा भरतात. हे सहसा दिवसातून चारदा करावे लागते. मशीन असल्यास रात्री झोपेत होते.

प्रत्यारोपण झाल्याने उपचार थांबणे ही आनंदाची गोष्ट. इतर वेळी पोटाचे डायलिसिस सोडण्याचे ठळक वैद्यकीय कारण म्हणजे उदरावरणाचा (पोटातल्या ज्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण द्रवात उतरते त्याचा) जंतुसंसर्ग. बाहेर येणारा द्रव गढूळ होतो, पोट दुखते. बहुतेक संसर्ग प्रतिजैविकांनी बरे होतात; पण तो पुन्हा पुन्हा झाला किंवा बुरशीचा असला तर नळी काढावी लागते. काही वर्षांत उदरावरणाची पाणी ओढून घेण्याची क्षमताही घटू शकते. लघवी होत असते तोवर ही उणीव झाकली जाते, नंतर सूज आणि धाप दिसू लागते. घरी मशीनवर रक्ताचे डायलिसिस करणाऱ्यांना स्वतःला सुई टोचण्याची भीती आणि एकटे असताना रक्तस्राव होण्याची धास्ती मागे खेचते.

मात्र थकवा या सर्वांइतकाच निर्णायक असतो, आणि तो तपासणीच्या अहवालात दिसत नाही. या उपचाराला सुट्टी नाही. द्रवाच्या पिशव्यांची खोकी खोली व्यापतात आणि घराला दवाखान्याचे रूप येते. पत्नी, मुलगा किंवा सून यांच्यावर सगळा भार असेल आणि तीच व्यक्ती आजारी पडली, तर चांगला चाललेला उपचारही बंद पडतो. पहिले काही महिने विशेष नाजूक असतात. थकलेला रुग्ण एखादी पिशवी चुकवतो आणि रागावतील म्हणून सांगत नाही. त्याला बेशिस्त ठरवणे हा अन्याय आहे. काय जड जाते ते आधी विचारायला हवे.

टिकून राहणाऱ्यांनी बहुधा ही पद्धत समजून उमजून स्वतः निवडलेली असते. केंद्रातल्या खेपा वाचतात, नोकरी सांभाळता येते आणि पोटाच्या डायलिसिसमध्ये आहाराचे पथ्य सहसा थोडे सैल असते. अडचणीच्या वेळी फोन उचलणारी परिचारिका, अधूनमधून पुन्हा प्रशिक्षण आणि काळजीवाहकाला विसावा यांचे मोल मोठे आहे. फ्रान्समध्ये वृद्धांच्या घरी परिचारिका येऊन द्रव बदलतात. हाँगकाँगने १९८५ पासून पोटाच्या डायलिसिसला प्राधान्य दिले आणि तिथे ते दीर्घकाळ बहुसंख्य रुग्णांचा उपचार राहिले. व्यवस्था पाठीशी असली की एकट्या रुग्णाच्या जिद्दीवर भिस्त राहत नाही.

घरचा उपचार सोडायची वेळ येईल असे दिसू लागताच त्याविषयी बोलणे योग्य. मशीनवरच्या डायलिसिससाठी हातावर धमनी व शीर जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. अचानक बदल करावा लागला तर बहुधा मानेत नळी घालून काम भागवावे लागते, आणि त्या नळीतून रक्तात संसर्ग होण्याचा धोका फिस्टुलापेक्षा बराच अधिक असतो.