अळणी सूपला चव येते कुठून?

सूप खारट झालं तर त्यात बटाटा टाका, तो जादा मीठ ओढून घेतो, हा सल्ला थंडी सुरू झाली की हमखास फिरू लागतो. बटाटा सूपमधलं पाणी पितो हे खरं. पण त्या पाण्यात विरघळलेलं मीठही साधारण त्याच प्रमाणात आत जातं, कारण नेमकं मीठ वेचून घ्यायची काही सोय बटाट्याकडे नसते. मागे उरलेलं सूप जवळपास तितकंच खारट राहतं. बटाट्यासोबत पाणीही वाढवलं तर चव सुधारते आणि श्रेय मात्र बटाट्याला मिळतं.

खारट सूपवर पाणी हा उपाय तरी आहे. खरी पंचाईत असते ती डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलेल्या माणसाची. बाहेर हुडहुडी भरलेली, हातात वाफाळता वाडगा, आणि पहिल्या घोटालाच हिरमोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम खावं. हे सगळं मिळून जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ होतं, आणि तयार सूपची पाकिटं किंवा स्टॉकच्या वड्या त्यातला मोठा वाटा एकट्याच खाऊन टाकतात.

मीठ काढल्यावर फक्त खारटपणा जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात भाज्यांचा कडवटपणाही वर येतो. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी 1997 मध्ये कडू युरिया आणि साखर यांच्या मिश्रणात सोडियम ॲसिटेट घालून लोकांना चाखायला दिलं. हा क्षार स्वतः फारसा खारट लागत नाही, तरी कडूपणा दबला आणि त्याखाली झाकलेली गोडी वर आली. म्हणून अळणी सूप करताना कडवट पालेभाज्या टाळाव्यात आणि कांदा, गाजर मंद आचेवर गोडसर होईपर्यंत परतून घ्यावेत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट (एका अमिनो आम्लाचं रूप) वेगळं केलं आणि त्याच्या चवीला उमामी, म्हणजे जपानीत रुचकरपणा, म्हटलं. पुढे 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. अकिरा कुनिनाका यांनी नंतर मशरूममधल्या ग्वानिलेटचा अभ्यास केला आणि एक विलक्षण गोष्ट दाखवली: ग्लुटामेट आणि इनोसिनेट किंवा ग्वानिलेट यांपैकी एखादं न्यूक्लिओटाइड (आरएनए ज्यांचं बनतं तशा जातीचा रेणू) एकत्र आलं की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र होते.

असं का होतं, याचं उत्तर जिभेवरच्या एका ग्राहीत, म्हणजे चवीचा रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांच्या रचनेत, आहे. टी1आर1 आणि टी1आर3 ही दोन प्रथिनं जोडीने हा ग्राही बनवतात. त्यातल्या टी1आर1चा पेशीबाहेरचा भाग कीटकभक्षी व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानासारखा दोन पाळ्यांचा असतो आणि पाळ्या एका बिजागरीवर उघडमिट करतात. ग्लुटामेटचा रेणू आत, बिजागरीजवळ बसतो आणि पाळ्या मिटतात. मिटलेला ग्राही पेशीच्या आत संदेश धाडतो. पण ही मिटलेली अवस्था फार टिकाऊ नसते. पाळ्या पुन्हा उघडतात, ग्लुटामेट निसटतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार न्यूक्लिओटाइड त्याच पाळ्यांच्या तोंडाशी, ग्लुटामेटच्या शेजारी बसतं. त्याच्या फॉस्फेटवरचा ऋणभार पाळ्यांवरच्या धनभारित अमिनो आम्लांना धरून ठेवतो, म्हणून पाळ्या मिटलेल्याच राहतात. नुसतं न्यूक्लिओटाइड ग्राहीला फारसं जागं करू शकत नाही. त्याचं काम ग्लुटामेटने मिटवलेलं दार धरून ठेवण्याचं. जीवरसायनशास्त्रात याला ॲलोस्टेरिक नियमन म्हणतात. आपल्याला एवढंच पुरे, की ग्लुटामेट तेवढंच असताना संदेश मात्र मोठा जातो आणि त्यासाठी सोडियमचा एक कणही जादा लागत नाही.

स्वयंपाकघरात याचा अर्थ टोमॅटो आणि वाळवलेले शिताके मशरूम. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत भरपूर असतं, आणि गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त. तो भाग टाकू नका. ग्वानिलेट मशरूममधून येतं, पण ते आयतं नसतं. भिजलेले मशरूम तापू लागले की एन्झाइमं त्यातल्या आरएनएचे तुकडे करून ते बनवतात, आणि हे काम साधारण 60 ते 70 अंश सेल्सियसला जोरात चालतं. त्याहून कमी तापमानाला, कोमट पाण्यात, दुसरी एन्झाइमं तयार झालेलं ग्वानिलेट मोडत बसतात. तेव्हा मशरूम फ्रिजमध्ये गार पाण्यात काही तास भिजवा, मग त्याच पाण्यासकट आचेवर ठेवा. कोमट टप्पा झटकन ओलांडू द्या आणि उकळी येण्याआधी आच थोडा वेळ मंद ठेवा.

उरलेल्या गोष्टी सोप्या. जे काही मीठ परवानगीचं आहे ते शेवटी, मोजून घाला. सूप आटताना पाणी उडून जातं, मीठ नाही. दोन थेंब लिंबूरस खारटपणाला उठाव देतो. सूप गरम असतानाच प्या, कारण उमामी आणि गोड चवीचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम5 ही चवपेशींतली वाहिनी (विद्युतभारित कण आत सोडणारं प्रथिन) थंडाव्यात मंदावते. अळणीची सवय लागायला दोन-तीन महिने लागतात, पण लागते. मग जुनं सूपच खारट वाटू लागतं.

अजिनोमोटो, म्हणजे ग्लुटामेटचाच सोडियम क्षार, घालू का, असंही विचारलं जातं. त्याची बदनामी 1968 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून वाढली. काटेकोर चाचण्यांत ती टिकली नाही. आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट असतं. फक्त अजिनोमोटोत 12 टक्के सोडियम आहे (मिठात 39), ते हिशोबात धरावं लागतं. याउलट, गुलाबी मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून रक्तदाबाला चालतं, ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा.

‘लो सोडियम’ मिठाची गोष्ट वेगळी. त्यात काही सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, जे थोडं कडवट लागतं आणि निरोगी मूत्रपिंडाला झेपतं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. अशा माणसाने ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्यांना पोटॅशियमच कमी करायला सांगितलंय, त्यांच्यासाठी वरचं टोमॅटो-मशरूमचं सूपही नाही, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं.