उपेक्षित ब्रिटिश संगीतकार आणि त्यांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे

एल्गार, व्हॉन विल्यम्स, होल्स्ट आणि बेंजामिन ब्रिटन ही नावे पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्याला ठाऊक असतात. त्यांच्याच काळात ब्रिटनमध्ये सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदाची मोठी रचना), कंचेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठीचे) लिहिणारे आणखी कितीतरी जण होते. अर्नल्ड बॅक्स, ई. जे. मोरन, एडमंड रुब्रा, विल्यम ऑल्विन, जॉर्ज लॉइड, हॅवर्गल ब्रायन, जॉन फोल्ड्स, रूथ गिप्स ही त्यांतली काही नावे. मैफलींतून ही मंडळी जवळजवळ नाहीशी झाली. जुन्या तबकड्या, रेडिओवरून घेतलेल्या फिती आणि छोट्या कंपन्यांच्या सीडी यांतून त्यांचे संगीत शोधणे, त्याची ओळख पटवणे व ते नीट वाजवणे हा एक स्वतंत्र व्यासंग आहे.

या व्यासंगात ध्वनिमुद्रणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर व्यवहारात आहे. मोठी सिंफनी वाजवायला ऐंशीच्या आसपास वादक लागतात. प्रत्येक वाद्याची स्वरलिपी प्रकाशकाकडून भाड्याने आणावी लागते. कमी वाजलेल्या रचनांच्या या प्रती बऱ्याचदा हाताने उतरवलेल्या असतात, आणि त्यांतल्या चुका पहिल्या तालमीपर्यंत कोणाच्या लक्षात आलेल्या नसतात. दुरुस्तीत तालमीचे तास जातात आणि खर्च वाढतो, म्हणून रचना पुन्हा कार्यक्रमात येत नाही. अशा वेळी एखादे जुने ध्वनिमुद्रण हाच त्या रचनेचा ऐकता येणारा एकमेव पुरावा उरतो. उपेक्षेचा दोष अनेकदा विल्यम ग्लॉक यांच्यावर टाकला जातो. ते १९५९ ते १९७२ या काळात बीबीसीचे संगीत-नियंत्रक होते आणि नव्या युरोपीय संगीताकडे त्यांचा ओढा होता. सगळे खापर एकट्या माणसावर फोडणे मात्र सोयीचे असले तरी पटणारे नाही. ब्रायनची अवाढव्य ‘गॉथिक’ सिंफनी बीबीसीने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये करवली ती १९६६ साली, म्हणजे ग्लॉक यांच्याच कारकिर्दीत.

अशा संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास वर्गणीपासून सुरू होतो. १९२४ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी सभासदांच्या पैशांतून चेंबर संगीताच्या तबकड्या काढत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कौन्सिलने काही मोठ्या रचनांच्या मुद्रणाला आर्थिक पाठबळ दिले. वाद्यवृंद-संचालक लेस्ली हेवर्ड आणि हॅले वाद्यवृंदाने १९४२ मध्ये मुद्रित केलेली मोरनची जी मायनर सिंफनी ही त्यांतलीच. बारा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपासच संगीत मावते, त्यामुळे पाऊण तासाच्या सिंफनीला पाच-सहा तबकड्या लागत. एक तबकडी फुटली की संच अपुरा राहतो. शिवाय आपोआप तबकडी बदलणाऱ्या यंत्रांसाठीच्या संचांत पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी नव्हे, तर शेवटची बाजू असते. हे लक्षात न घेता केलेल्या डिजिटल प्रतीत सिंफनीचे तुकडे उलटसुलट जोडलेले सापडतात.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव लायरिटा. रिचर्ड इटर यांनी १९५९ मध्ये ही कंपनी सुरू केली. सुरुवातीची मोनो मुद्रणे बकिंगहॅमशायरमधील बर्नहॅम येथे, त्यांच्या राहत्या घरच्या संगीतदालनात झाली. पुढे डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तंत्रज्ञांनी स्टीरिओत मुद्रित केलेल्या वाद्यवृंदाच्या तबकड्या आल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एसआरसीएस’ ही अक्षरे असतात. आवाजाच्या गुणवत्तेत त्या आजही कोणाला हार जात नाहीत. सीडीच्या काळात मात्र इटर यांनी मोजकीच मुद्रणे बाहेर काढली. साठ्याचा मोठा भाग सीडीवर आला तो २००६ नंतर. मधल्या वर्षांत जुन्या एलपींचे (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांचे) भाव चढले. आज ऐकण्यासाठी एलपीच हवी असे राहिलेले नाही, सीडी पुरेशी आहे.

बॅक्सच्या सात सिंफनींचे उदाहरण बोलके आहे. पहिली, दुसरी, पाचवी, सहावी आणि सातवी लायरिटावर मिळत. तिसरी वाद्यवृंद-संचालक जॉन बार्बिरोली यांनी युद्धकाळात एचएमव्हीसाठी मुद्रित केली होती. चौथीसाठी कन्सर्ट आर्टिस्ट या छोट्या कंपनीची, व्हर्नन हँडली यांनी गिल्डफर्ड फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून करवलेली १९६४ ची एलपी शोधावी लागे. सातही सिंफनी जमवायच्या तर तीन कंपन्यांच्या मागे फिरणे आले. नंतर शँडॉस आणि नॅक्सॉस या कंपन्यांनी पूर्ण संच काढले आणि हा शोध संपला. शँडॉसच्या एका संचात वाद्यवृंद-संचालक पुन्हा हँडलीच आहेत.

याच कन्सर्ट आर्टिस्ट नावाखाली पुढे पियानोवादक जॉयस हॅटो यांची म्हणून शंभराहून अधिक सीडी निघाल्या. त्यांतल्या अनेक दुसऱ्याच पियानोवादकांच्या मुद्रणांच्या नकला असल्याचे २००७ मध्ये उघड झाले. संगणकात घातलेल्या एका सीडीला सीडींची नावे पुरवणाऱ्या माहितीकोशाने भलत्याच वादकाचे नाव दिले, तिथून संशय सुरू झाला. पण बॅक्सच्या ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ची हॅटो यांची १९७० ची एलपी खरी आहे, हे विसरू नये. नावावर शिक्का बसला म्हणून सगळे मुद्रण फेकून देण्यात नुकसान आपलेच.

हॅवर्गल ब्रायन (१८७६–१९७२) यांनी ३२ सिंफनी लिहिल्या, त्यांतल्या बहुतेक वयाच्या सत्तरीनंतर. बीबीसीत काम करणारे संगीतकार रॉबर्ट सिम्पसन यांच्या आग्रहामुळे १९५४ पासून त्या प्रसारित होऊ लागल्या. एलपीसाठी पहिले मुद्रण मात्र १९७२ मध्ये झाले, आणि तेही लेस्टरशायरच्या शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाचे. ही पोकळी अमेरिकेतील एरीज या तबकड्यांच्या छापाने भरली. रेडिओवरून घेतलेले कार्यक्रम त्याने खोट्या वाद्यवृंदांच्या व संचालकांच्या नावांनी विकले. तबकडीवर कधीच न ऐकलेला वाद्यवृंद दिसला, तर आधी बीबीसीच्या जुन्या प्रसारणाशी ताडून पाहावे.

भारताशी थेट नाते दोघांचे आहे. कैखुश्रू शापुरजी सोराबजी (१८९२–१९८८) यांचे वडील मुंबईचे पारशी अभियंते होते. सोराबजींची पियानोसाठीची ‘ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम’ (१९३०) वाजवायला चार तासांहून अधिक वेळ लागतो. परवानगीशिवाय आपल्या रचना वाजवू नयेत, असा त्यांचा आग्रह असे. तो १९७६ मध्ये सैल झाला. त्यामुळे त्यांची त्याआधीची व्यावसायिक मुद्रणे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. जॉन फोल्ड्स (१८८०–१९३९) हे मँचेस्टरचे. ते १९३५ मध्ये भारतात आले, ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि भारतीय वाद्ये घेऊन त्यांनी वाद्यवृंद उभारला. कलकत्त्याला बदली होताच पटकीने त्यांचा मृत्यू झाला. पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेला त्यांचा ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ पियानोवादक हॉवर्ड शेली आणि संचालक हँडली यांच्या लायरिटा मुद्रणामुळे पुन्हा कानावर आला. पहिला भाग सात स्वरांच्या एकाच मेळावर उभा आहे, आणि रागाची सवय असलेल्या कानाला तो पटकन उमगतो. फोल्ड्सच्या भारतातील अनेक रचना आज उपलब्ध नाहीत.

शोध घेताना फक्त संगीतकाराच्या नावावर विसंबू नये. दुर्मीळ रचना बहुधा एखाद्या प्रसिद्ध रचनेच्या मागे जागा भरायला टाकलेली असते आणि यादीत तिचे नावही नसते. वाद्यवृंद-संचालक, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक यांवरून शोधले तर ती हाती लागते. रेडिओची फीत मिळाली तर बीबीसीच्या जीनोम संकेतस्थळावर ‘रेडिओ टाइम्स’ या कार्यक्रम-साप्ताहिकातले १९२३ पासूनचे कार्यक्रम तपासता येतात. तिथे छापलेला कार्यक्रम दिसतो, प्रत्यक्ष झालेला नव्हे. आजारी संचालकाच्या जागी ऐनवेळी दुसरा आलेला असू शकतो. त्यामुळे फितीवरील निवेदकाचे बोलणे कापून टाकू नये. ओळख पटवायला तेच उपयोगी पडते. रिचर्ड इटर यांनी घरी रेडिओवरून टिपलेले कार्यक्रमही आता लायरिटाने बीबीसीच्या परवान्याने प्रसिद्ध केले आहेत. खासगी फितीमागे लागण्याआधी ती यादी पाहावी.

तबकडीची खरी ओळख लेबलवर नसून मधल्या कोऱ्या कड्यावर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकात, म्हणजे मूळ साच्याच्या क्रमांकात असते. दोन वेगळ्या लेबलांखाली तोच क्रमांक असेल तर मुद्रण एकच आहे.

लाखेची तबकडी वाजवायला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते. ती लाखेच्या तबकडीच्या रुंद चरीच्या तळाशी, कचऱ्यातूनच घसरते आणि खरखर ऐकवते. अल्कोहोलने लाख विरघळते, म्हणून अशी तबकडी आयसोप्रोपिलने कधीही पुसू नये. ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वेगाचेही पाहावे लागते. सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नसतात. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ वर लावली तर स्वर अर्धस्वराच्या निम्म्याला थोडा कमी इतका उतरतो आणि ४५ मिनिटांची सिंफनी मिनिटभराने लांबते. डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्यावी आणि खरखर काढण्याआधीची मूळ फाइल जपून ठेवावी. सफाईच्या नादात व्हायोलिनची धारही जाते, आणि गेली की परत येत नाही.

फितींत दोन जाती ओळखता आल्या पाहिजेत. अ‍ॅसिटेटची फीत रीळ उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक दिसते, ताणल्यास सरळ तुटते आणि जुनी झाली की व्हिनेगरसारखा वास मारते. पॉलिएस्टरची ताणली जाते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, मागे काळा लेप असलेल्या पॉलिएस्टर फिती चिकट होऊन यंत्रात किंचाळतात. त्या मंद उष्णतेत काही तास तापवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करता येतात. हाच उपाय अ‍ॅसिटेटवर केला तर फीत कायमची वाया जाते. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत एलपीच्या कागदी आवरणाला बुरशी लागते, तेव्हा आतले आवरण बदलून तबकड्या उभ्या ठेवाव्यात.

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. रचनेचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ब्रिटनमध्ये १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली मुद्रणे हक्कमुक्त आहेत, तर रचनेवर मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क असतो. बॅक्स १९५३ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या रचना दोन्ही देशांत मोकळ्या आहेत. ब्रायनच्या अजून नाहीत.