‘टॉर्न कर्टन’चे न वापरलेले पार्श्वसंगीत

अमेरिकन संगीतकार बर्नार्ड हरमन (१९११–१९७५) यांनी दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘टॉर्न कर्टन’ (१९६६) या हेरगिरीच्या थरारपटासाठी रचलेले वाद्यवृंद-संगीत. मार्च १९६६ मध्ये हॉलिवूडच्या गोल्डविन स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि तिथेच ते थांबवण्यात आले. चित्रपटात जे संगीत ऐकू येते ते जॉन ॲडिसन यांचे आहे. ‘सायको’ किंवा ‘व्हर्टिगो’च्या संगीताबद्दल भरभरून लिहिले गेले. ही रचना मात्र बहुतेकदा ‘ज्यावरून हरमन आणि हिचकॉक यांचे भांडण झाले ते संगीत’ एवढ्याच ओळखीवर राहिली. हरमन यांच्या थरारपटांच्या संगीतात वाद्यांची इतकी धाडसी निवड दुसरीकडे सापडणे कठीण आहे, म्हणून तिची स्वतंत्र दखल घ्यायला हवी.

हरमन आणि हिचकॉक यांची जोडी १९५५ च्या ‘द ट्रबल विथ हॅरी’पासून जमली. पुढच्या दहा वर्षांत ‘व्हर्टिगो’, ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, ‘सायको’ आणि ‘मार्नी’ आले. ‘द बर्ड्स’मध्ये तर संगीतच नव्हते. तिथे हरमन ध्वनी-सल्लागार होते. १९६४ मध्ये ‘मार्नी’ला अपेक्षित यश मिळाले नाही आणि युनिव्हर्सल स्टुडिओला आता तरुण प्रेक्षक हवा होता. पॉल न्यूमन आणि ज्युली अँड्र्यूज ही त्या काळची मोठी नावे याच हिशेबाने घेतली गेली. संगीतातही ठेका हवा, जमल्यास विकता येईल असे एखादे गाणे हवे, अशी मागणी होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये हिचकॉक यांनी हरमन यांना तार केली. हरमन यांचे अलीकडचे काम ‘मार्नी’ची आठवण करून देते अशी हिचकॉक यांची तक्रार होती आणि या वेळी नव्या काळाचा जोश असलेले काहीतरी हवे होते. हरमन यांनी होकार कळवला. प्रत्यक्षात त्यांनी जे लिहिले त्यात जोश भरपूर होता, पण गुणगुणता येईल अशी एकही ओळ नव्हती.

या रचनेची खरी गोष्ट तिच्या वाद्यमेळात आहे. बारा बासऱ्या, सोळा फ्रेंच हॉर्न, नऊ ट्रॉम्बोन, दोन ट्यूबा (ही तिन्ही फुंकून वाजवायची पितळी वाद्ये), टिंपनीचे, म्हणजे नगाऱ्यासारख्या ढोलांचे, दोन संच, आणि खालच्या स्वरांची तंतुवाद्ये, आठ चेलो व आठ डबल बेस. व्हायोलिन एकही नाही, व्हायोला नाही, ट्रम्पेट नाही, क्लॅरिनेटही नाही. प्रेमप्रसंग आला की व्हायोलिन भरून वाहू लागायची, ही हॉलिवूडची तेव्हाची रीत होती. हरमन यांनी तो आधारच काढून घेतला. ‘सायको’त त्यांनी फक्त तंतुवाद्ये ठेवली होती. इथे त्यांनी ते गणित उलटे केले आणि बहुतेक भार सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांवर, माणसाच्या श्वासावर टाकला. अशी अजब जुळवाजुळव त्यांची जुनी आवड होती. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये (१९५१) त्यांनी थेरेमिन हे हात न लावता वाजवायचे विद्युत वाद्य आणले, आणि तेही एक नाही, दोन. शिवाय हॉलिवूडमधले बहुतेक संगीतकार सुरावट लिहून वाद्ययोजना दुसऱ्याकडे सोपवत असताना हरमन कोणते वाद्य कुठे वाजणार हे स्वतःच लिहीत. त्यांच्या दृष्टीने वाद्ययोजना ही रचना करण्याचाच भाग होता.

मराठी कानाला बासरी म्हटले की कृष्ण आठवतो, पहाट आठवते. त्या सवयीने हे संगीत ऐकायला बसले तर पहिल्याच मिनिटाला धक्का बसतो. पाश्चात्त्य धातूची बासरी खालच्या पट्टीत पोकळ आणि थंड वाजते. वरच्या पट्टीत जोराने फुंकली तर ती टोचते. एकच बासरी असेल तर कान तिला माफ करतो. बारा एकत्र आल्या की त्यांचा गोडवा संपतो आणि उरतो तो वाऱ्यासारखा धारदार आवाज. खाली ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि टिंपनी जड ठोके घालत असतात. मधला भाग, जिथे एरवी वाद्यवृंदाची ऊब असते, तो जवळजवळ रिकामा. कथेत पूर्व जर्मनीत अडकलेल्या नायकाची कोंडी या रिकामेपणातून जेवढी जाणवते तेवढी ती चित्रपटाच्या संवादांतूनही जाणवत नाही.

सुरावट जवळपास नाहीच. दोन-चार मात्रांचा एखादा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि दर वेळी रंग थोडा बदलायचा, ही हरमन यांची नेहमीची पद्धत. तुकडा छोटा असल्यामुळे प्रसंगाच्या मध्येच तो हवा तिथे तोडता येतो. त्यातूनच ताण तयार होतो, कारण ऐकणारा पूर्णतेची वाट पाहत राहतो आणि ती येत नाही. आपल्याकडे मुखड्याकडे परत येण्यात जो निवांतपणा मिळतो, त्याच्या अगदी उलट.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हिचकॉक स्टुडिओत आले. थोडेच ऐकून त्यांनी काम बंद करायला सांगितले. त्यानंतर दोघांनी पुन्हा कधीही एकत्र काम केले नाही. हिचकॉक यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी मागणी स्पष्ट कळवली होती आणि स्टुडिओचा दबाव त्यांच्यावर होता. पण ॲडिसन यांचे हलकेफुलके, ठाकठीक संगीत ऐकताना चित्रपट कुठे निसटला हे कळते. ‘टॉम जोन्स’साठी ऑस्कर मिळवलेले ॲडिसन कमी प्रतीचे संगीतकार नव्हते. तरीही या कथेत जी भीती असायला हवी होती ती त्यांच्या संगीतात नाही. पुढे ‘फ्रेन्झी’साठी (१९७२) हेन्री मॅन्सिनी यांनी केलेले संगीतही हिचकॉक यांनी नाकारले आणि ते रॉन गुडविन यांच्याकडून नव्याने करून घेतले.

हरमन इंग्लंडात स्थायिक झाले आणि फ्रान्स्वा त्र्युफो, ब्रायन डी पाल्मा, मार्टिन स्कोर्सेसी या दिग्दर्शकांसाठी काम करत राहिले. स्कोर्सेसींच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या संगीताचे ध्वनिमुद्रण आटोपल्यावर काही तासांतच, २४ डिसेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. ‘टॉर्न कर्टन’चे कागद मात्र शाबूत होते. संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांनी १९७७ मध्ये ही रचना नव्याने वाजवून घेऊन तबकडीवर आणली. १९९६ मध्ये एसा-पेक्का सालोनेन यांच्या संचालनाखाली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने तिचे काही भाग वाजवले. बर्नस्टीन यांनी स्कोर्सेसींच्या ‘केप फियर’साठी (१९९१) हरमन यांचेच जुने संगीत नव्याने बांधले, तेव्हा त्यात ‘टॉर्न कर्टन’चेही तुकडे घातले. त्यामुळे अनेकांनी हे संगीत नाव माहीत नसताना चित्रपटगृहात ऐकलेले आहे.

एका प्रसंगापाशी मात्र थोडे थांबायला हवे. पूर्व बर्लिनजवळच्या शेतघरात न्यूमन यांचा नायक आणि शेतकऱ्याची बायको मिळून ग्रोमेक या सुरक्षा अधिकाऱ्याला ठार मारतात. बाहेर टॅक्सीवाला उभा असल्याने गोळी झाडता येत नाही. सुरीचे पाते मोडते, फावड्याने पाय फोडले जातात, शेवटी त्याला फरपटत नेऊन त्याचे डोके गॅसच्या भट्टीत धरले जाते. माणूस मारणे किती कष्टाचे आणि किती वेळखाऊ असते हे हिचकॉक यांना दाखवायचे होते, म्हणून त्यांना इथे संगीत नको होते. ‘सायको’तल्या स्नानगृहाच्या प्रसंगातही त्यांना ते नको होते. तिथे हरमन यांनी न विचारता लिहिले आणि हिचकॉक यांनी ते आनंदाने ठेवले. इथेही हरमन यांनी तेच केले.

चित्रपटात हा प्रसंग धापा, भांड्यांचे आवाज आणि पावले यांवर चालतो आणि तो अप्रतिम आहे. हरमन यांचे संगीत लावून पाहिले की त्याचा अर्थ बदलतो. शांततेत आपण मारणाऱ्यांकडे पाहतो, त्यांची दमछाक मोजतो. पितळी वाद्यांचे ठोके सुरू झाले की नजर ग्रोमेककडे वळते आणि त्याची घुसमट आपल्या छातीत उतरते. शेवटी कॅमेरा वरून पाहतो, तेव्हा भट्टीबाहेर राहिलेले त्याचे हात हवेत फडफडतात आणि हळूहळू थांबतात. वाद्यवृंदातले जवळपास चाळीस वादक त्या वेळी श्वास फुंकत असतात, आणि पडद्यावरच्या माणसाचा श्वास संपत असतो.