वहीचा समास आणि ‘स्वतःचा धर्मगुरू’ : नागपूरच्या कॅथलिक पॅरिशमागचा इतिहास

नागपुरातल्या कॅथलिक घरात लग्न ठरलं की हॉल आणि केटररच्या आधी पॅरिश ऑफिसची, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या कार्यालयाची, फेरी होते. तिथे पहिला कागद मागतात तो बाप्तिस्म्याचा दाखला, आणि तोही नवा. आईने कपाटात जपून ठेवलेला, घड्या पडलेला जुना दाखला चालत नाही; सहसा गेल्या सहा महिन्यांत काढलेला लागतो. पुष्कळांना हा उगाच जाच वाटतो. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, मग त्याचा दाखला शिळा कसा होईल?

उत्तर वहीच्या समासात आहे. ज्या ओळीत बाप्तिस्म्याची नोंद असते, तिच्याच शेजारी त्या माणसाचा दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी), लग्न, गुरुदीक्षा (धर्मगुरू होणं) किंवा धर्मभगिनीचं कायमचं व्रत यांची नोंद होत जाते. मूल नागपुरात बाप्तिस्मा घेतं, नोकरीसाठी पुण्याला जातं, तिथे लग्न करतं. पुण्याच्या फादरांनी ते नागपूरला कळवायचं आणि नागपूरच्या फादरांनी जुनी वही उघडून समासात लिहायचं, असा चर्चचा कायदा आहे. नवा दाखला म्हणजे आजच्या तारखेपर्यंतचा समास. माणूस कुठेही गेला तरी त्याची ओळ जिथे लिहिली गेली तिथेच राहते.

मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात पॅरिशला ‘धर्मग्राम’ असा सुरेख शब्द आहे. नागपुरात मात्र सर्रास ‘पॅरिश’च म्हणतात. नाव काहीही असो, त्यामागची कल्पना एकच : अमुक लोक अमुक धर्मगुरूंचे, आणि ते धर्मगुरू त्या लोकांचे. भाविकाची कर्तव्यं या नात्यातून आली आहेत. चर्चच्या आज्ञांची नुसती यादी वाचली तर हे नातं दिसत नाही, म्हणून जरा मागे जावं लागतं.

रविवारचंच घ्या. इसवी सन ३०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या, आजच्या ट्युनिशियातल्या, अबितिना गावच्या ४९ ख्रिस्ती लोकांना रोमन सत्तेने पकडलं. बंदी असताना ते रविवारी एका घरात जमले होते. बंदी का मोडली, असं विचारल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की रविवारच्या त्या भोजनाशिवाय आम्हाला जगता येत नाही. त्यांना रविवारी या, असं सांगणारा कुठलाही लिखित नियम तेव्हा नव्हता. नियम दिसू लागतो तो त्याच सुमाराला, स्पेनमधल्या एल्व्हिराच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेत : शहरात राहून लागोपाठ तीन रविवार न येणाऱ्याला काही काळ मंडळीबाहेर ठेवावं. पुढे ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार सुटीचा दिवस केला. ओढ सैल पडायला लागते तेव्हा तिचं कर्तव्य करून लिहून ठेवावं लागतं, असं मला या क्रमावरून वाटतं. आधी होती ती ओढच.

दुसरा मोठा टप्पा १२१५ चा. रोममधल्या चौथ्या लॅटरन परिषदेने एकविसाव्या नियमात ठरवलं, की समज आलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून निदान एकदा ‘स्वतःच्या धर्मगुरू’जवळ कन्फेशन करावं, म्हणजे पापांची कबुली द्यावी, आणि निदान ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) घ्यावं. न करणाऱ्याला जिवंतपणी चर्चचं दार बंद आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही, इतकी कडक शिक्षा होती. हा भाग नेहमी सांगितला जातो. त्याच नियमाचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही : कन्फेशनमध्ये ऐकलेलं जो धर्मगुरू शब्दाने किंवा खुणेनेही उघड करील त्याचं पद काढून घ्यावं आणि त्याला आयुष्यभर प्रायश्चित्तासाठी कडक मठात कोंडावं. भाविकाने मन मोकळं करायचं, तर ते ऐकणाऱ्यावर त्याहून जड ओझं. दोन्ही बाजू एकाच नियमात बांधल्या होत्या.

वही मात्र त्यानंतरची. लग्न लपूनछपून होत आणि पुढे एक जण ते नाकारी, ही त्या काळची मोठी अडचण होती. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये लग्न पॅरिशच्या धर्मगुरूसमोर आणि साक्षीदारांसमोरच व्हावं असं ठरवलं, आणि लग्नाची व बाप्तिस्म्याची वही ठेवायला लावली. लागोपाठ तीन वेळा चर्चमध्ये नावं पुकारायची, म्हणजे बॅन्स वाचायचे, हेही तिथेच पक्कं झालं. टाकून दिलेल्या बायकांचा आणि नाकारलेल्या मुलांचा प्रश्न त्या वहीमागे होता. आजच्या तरुण जोडप्यांना पॅरिश ऑफिसात हे कुणी तरी समजावून सांगावं, असं मनापासून वाटतं.

आता नागपूर. इथली कॅथलिक कहाणी कामठीपासून सुरू होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचा जम बसला आणि १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी उभी राहिली. तिथल्या पलटणी मद्रास सैन्याच्या. त्यांच्याबरोबर दक्षिणेकडचे शिपाई, स्वयंपाकी, बाजारकरी आले, आणि त्यांत ख्रिस्तीही होते. गोऱ्या सैनिकांत आयरिश कॅथलिक असत. म्हणजे भाविक आधी आले, तेही स्वतःच्या गावचा धर्मग्राम शेकडो कोस मागे ठेवून. ‘स्वतःचा धर्मगुरू’ हे शब्द इथे कुणाला लागू करायचे?

१८४५ मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले; हिस्लॉप कॉलेजमुळे ते नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते प्रॉटेस्टंट. नागपूरच्या सदर भागातली दोन कॅथेड्रल्सही, म्हणजे बिशपांची मुख्य चर्च, लोक नेहमी एकमेकांत मिसळतात : ऑल सेंट्स हे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचं, आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिकांचं. कॅथलिक धर्मगुरू आले ते आनसी या आल्प्समधल्या गावाहून. तिथे १८३८ मध्ये पिएर-मारी मेर्मिए यांनी फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ सुरू केला होता. आनसीचा सव्हॉय प्रांत तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता. तो १८६० मध्ये गेला. हे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोचले. त्यांच्या वाट्याला आलेला मुलूख बंगालच्या उपसागरापासून नागपूरपर्यंत पसरलेला होता. बैलगाडीच्या काळात एवढ्या टापूत एका धर्मगुरूने लोकांपर्यंत पोचायचं म्हणजे वर्षातून एकदा कन्फेशन ही भाविकाइतकीच धर्मगुरूच्या पायांचीही परीक्षा होती. जिथे धर्मगुरूच नाहीत तिथे रविवारच्या मिस्सेचं, म्हणजे धर्मगुरू चालवतात त्या मुख्य उपासनेचं, बंधन लागत नाही. आजच्या कायद्यातही तशा वेळी घरी किंवा चार घरांनी मिळून प्रार्थना करावी, असं सुचवलं आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये भारतात रीतसर धर्मप्रांतांची, म्हणजे एकेका बिशपाच्या अखत्यारीतल्या प्रदेशांची, रचना केली आणि ११ जुलै १८८७ ला विशाखापट्टणममधून नागपूर धर्मप्रांत वेगळा झाला. अलेक्सिस रिकाझ पहिले बिशप. त्याच वर्षी बंगाल नागपूर रेल्वे कंपनीही स्थापन झाली. मुंबईकडची गाडी तर १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती. छावणीने पॅरिशला पहिली माणसं दिली आणि रेल्वेने त्यांत भर घातली : गोव्याचे, अँग्लो-इंडियन, तमिळ. १८७० मध्ये सुरू झालेली सदरची एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) शाळा तर ख्रिस्ती नसलेल्या नागपूरकरांनाही जवळची आहे. सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की ते नाव धर्मगुरू घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं?

कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप होते, पण प्रॉटेस्टंट झालेल्या त्या शहरात त्यांना राहता येत नव्हतं. ते आनसीत राहत. भक्ती ही मठात राहणाऱ्यांचीच मिरास आहे, हे मत त्यांनी ठामपणे खोडून काढलं. शिपायाच्या तुकडीत, कारागिराच्या दुकानात, संसारी माणसाच्या घरात भक्तीला जागा नाही असं मानणं चूक आहे; मात्र ती प्रत्येकाच्या कामाला आणि ताकदीला बेताची असावी, असं ते शिकवत. छावणीत आणि रेल्वेत वाढलेल्या पॅरिशला याहून साजेसा आश्रयदाता संत सापडला नसता.

‘प्रत्येकाच्या बेताने’ ही दृष्टी ठेवून ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, पाच आज्ञांकडे पाहिलं तर त्या किती थोडक्यात भागवतात हे कळतं. रविवारी आणि ठरलेल्या मोठ्या सणांना मिस्सेला जावं आणि नेहमीची कष्टाची कामं बाजूला ठेवावीत. वर्षातून निदान एकदा कन्फेशन करावं. ईस्टरच्या काळात निदान कम्युनियन घ्यावं. उपवासाचे व मांसवर्जनाचे दिवस पाळावेत. आणि आपल्या ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवाव्यात. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात त्यांना किमान म्हटलं आहे. पाचव्या आज्ञेत दशमांशाचा आकडा नाही. रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला गेलं तरी आज्ञा पाळली जाते. पाळीवर काम करणाऱ्यांना हे ठाऊक असावं. भारतातल्या ठरलेल्या सणांत नाताळबरोबर १५ ऑगस्ट, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा दिवस, येतो. त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि मिस्सा एकाच सकाळी असतात.

उपवासाबद्दल मराठी वाचकाला थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे उपवास म्हणजे काय चालतं, काय नाही : साबुदाणा, भगर, शेंगदाणे. कॅथलिक उपवासात हिशेब प्रमाणाचा असतो. दिवसात एकच पोटभर जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडंसं. मांसवर्जन हा वेगळा नियम, त्यात मासे, अंडी, दूध चालतं. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सुरुवात) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी दोन्ही पाळायचे असतात. मांसवर्जन १४ वर्षांपासून, उपवास १८ पासून साठी लागेपर्यंत. बाकीच्या शुक्रवारांसाठी देशोदेशीच्या बिशप मंडळांना प्रार्थना किंवा दानधर्मासारखा पर्याय ठरवता येतो. ही सूट १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी आणली. त्याआधीचा चाळीस दिवसांचा काळ फार कडक होता. आजही नागपूरच्या मार्चच्या उन्हात घरातला सावजी रस्सा महिनाभर स्वखुशीने बंद ठेवणारी कुटुंबं आहेत. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कम्युनियनच्या आधीचा उपवास तर आणखी कठीण होता. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नाही, म्हणून मिस्सा सकाळीच. मे महिन्यातल्या नागपुरात, पंचेचाळीस अंशांकडे जाणाऱ्या दिवशी, तान्ह्या मुलाच्या आईने हे कसं निभावलं असेल? १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाणी पिण्याची मुभा दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेचा मार्ग मोकळा केला. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. त्याआधी दहावे पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, शक्य तर रोज, कम्युनियन घ्यायला सांगितलं होतं आणि १९१० मध्ये सातेक वर्षांच्या मुलांनाही ते खुलं केलं. पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुलींचा फर्स्ट कम्युनियनचा फोटो प्रत्येक घरात असतो; त्या लहान वयाचं मूळ तिथे आहे.

१९५३ च्याच १९ सप्टेंबरला नागपूर महाधर्मप्रांत झाला. युजीन डिसोझा पहिले आर्चबिशप; त्यांच्याआधीचे सगळे बिशप युरोपीय होते. १९५५ मध्ये अमरावती वेगळा झाला, १९७७ मध्ये त्यातून औरंगाबाद. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडलं आणि लॅटिनच्या जागी हिंदी, मराठी, इंग्रजी, तमिळ मिस्सा आल्या. केरळहून आलेल्या सिरो-मलबार (कॅथलिकांच्याच एका शाखेतल्या) कुटुंबांची परंपरा वेगळी, त्यांचा उपवासकाळ बुधवारऐवजी सोमवारी सुरू होतो.

चर्चच्या कायद्याच्या भाषेतही एक बदल झाला. १९१७ च्या संहितेत पॅरिश म्हणजे धर्मप्रांताचा वाटून दिलेला भूभाग होता. १९८३ च्या संहितेत ती भाविकांचा समुदाय झाली, ज्याची काळजी एका धर्मगुरूवर सोपवलेली असते. त्याच संहितेत धर्मगुरूवरचं एक जुनं बंधन कायम आहे : दर रविवारी एक मिस्सा आपल्या पॅरिशच्या लोकांसाठी अर्पण करायची. कुणाच्या नावाची, दक्षिणा घेऊन सांगितलेली नाही, सगळ्यांची.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे चर्चची दारं बंद झाली. रविवारच्या हजेरीचं बंधन बिशपांनी उठवलं. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. भाविकांची आज्ञा त्या काळात शिथिल होती. फादरांची ती रविवारची मिस्सा शिथिल झाली नव्हती. समोर रिकामे बाक असताना ते वेदीवर उभे राहत, आणि मिस्सा त्या बाकांवर नसलेल्यांसाठी होई.